गच्चीवरची कुत्री

चकचकीत की मॅट?

गच्चीवर जन्म काढलेल्या कुत्र्याच्या पायाखाली कायम सिमेंट. माती त्याला कुंडीतली तेवढी माहीत.

फेर्मीनच्या पँटच्या खिशात कपडे वाळत घालायचा एक हिरवा चिमटा आहे.

“इथून सरळ जायचं, साहेब. मग डावीकडे. चुकायला जागाच नाही.”

मोबाइलमधला एक फोटो. बस थांबते त्या खानावळीपुढचं तांबूस कुत्रं, मागे थंड पेयांचा फ्रीज, फ्रीजच्या काचेत फोटो काढणारीचं प्रतिबिंब. खाली लिहिलंय, याला घेऊन येऊ का? त्याखाली फेर्मीनचं उत्तर, आणखी एक? आई तुलाच गच्चीवर बांधून ठेवेल. त्या उत्तरावर वाचल्याच्या निळ्या खुणा कधीच उमटल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी, मेलेली माणसं घरी येतात त्या सणाआधी, राजधानीतल्या इस्तापालापाच्या फोटोच्या दुकानात मेलेल्यांची गर्दी होते. माणसं मतदार ओळखपत्रं, लग्नाचे अल्बम, पाकिटात चुरगळलेले फोटो घेऊन येतात. फेर्मीन त्यातून एकेक चेहरा कापतो, खांद्यावरचा परका हात पुसतो, मागे निळं आकाश भरतो आणि घरातल्या वेदीवर ठेवायला मोठा करून देतो. मेलेल्यांचे डोळे थोडे उजळ करायचे, ओठांवर किंचित रंग द्यायचा, हे त्याच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की रस्त्यात भेटलेल्या माणसाकडे बघतानाही तो मनात त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत असे. त्या शुक्रवारी दुपारी तो आतल्या खोलीत कुणाच्या तरी आजोबांच्या टोपीची सावली काढत बसला होता. बाहेर काउंटरवर गोयो होता, त्याचा जोडीदार, माणसांकडे मान वर करून न बघणारा. गोयो नेहमीच्या आवाजात विचारत होता, “आठ बाय दहा? चकचकीत की मॅट, मावशी?” उत्तर आलं नाही. गोयोने पुन्हा विचारलं. तरीही नाही. मग गोयो एकदम गप्प झाला. गोयो गप्प होत नसे. फेर्मीनने पडदा बाजूला केला. काउंटरपाशी त्याची आई उभी होती, चर्चला जायचा कोट घालून, दोन्ही हातांत पिशवी धरून, गिऱ्हाइकासारखी. काचेवर त्याच्या बहिणीचा, यादिराचा फोटो होता.

“आई, हे काय?”

“रांगेत उभी राहून आलेय मी. मध्ये घुसले नाही.”

“यादिरा मेलेली नाही.”

“मी कुठे म्हटलं मेली? मोठा करून पाहिजे म्हटलं.”

“कशाला मोठा?”

मागच्या बाईने घड्याळात बघितलं. “आवरा की हो. मला नवऱ्याला घेऊन जायचंय, अजून फुलं घ्यायचीत.”

“सोमवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावणार मी,” आई म्हणाली. “सगळ्यांची माणसं येतील. ती दाराबाहेर उभी राहील, कुणी बोलावलं नाही म्हणून. तुला चालेल?”

“आणि जिवंत असली तर?”

“असली तर येईल आणि मला हसेल. हसू दे.”

वेदीवर जिवंत माणसाचा फोटो ठेवत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. दोन वर्षं आईने यादिराची जागा वेदीवर केलीही नव्हती आणि पुरती पुसलीही नव्हती. एक पाण्याचा पेला नुसताच, कुणाचा ते न सांगता, कडेला ठेवलेला असे. फेर्मीनने फोटो काचेवरून उचलला, गोयोच्या खणात ठेवला आणि आईला म्हणाला, “सोमवारपर्यंत थांब. मी जातो.” कुठे, ते आईने विचारलं नाही. उत्तरेला तोर्रेओन शहराच्या अलीकडे, बस थांबते त्या खानावळीच्या मागच्या वाळवंटात काही बायका आपली बेपत्ता माणसं शोधत आठवड्यातून दोनदा जमीन टोचत फिरतात, हे तिलाही माहीत होतं. त्यांची म्होरकी दोन्या मीका, म्हणजे मीकाबाई. तिचा निरोप महिन्यापूर्वीच आला होता. माणसं पुरल्याची नवी जागा कळलीय, तुझी बहीण उतरली तिथून जवळ आहे, तिच्या वासाचं काही असेल तर घेऊन ये. कुत्रं मिळालं तर बरं, आमच्याकडे नाकं आहेत पण म्हातारी झालीत.

वासाचं होतं. यादिराचा राखाडी स्वेटर. ती जाण्याच्या आदल्या दिवशी अंगात होता आणि पलंगावर तसाच टाकलेला. तेव्हाच्या पोलिसांनी सांगितलं होतं, धुऊ नका, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, आमचं पथक कुत्री घेऊन येईल. आताच येईल, असं म्हणाले होते. ‘आताच’ म्हणजे कधीतरी, किंवा कधीच नाही, हे या देशात सगळ्यांनाच कळतं, तरी आईने स्वेटर बांधून कपाटावर ठेवला. पथक आलं नाही. आणि कुत्रीही होती, यादिराचीच दोन, गच्चीवरची. चपट्या नाकाची काळी चाता, जिला यादिराने पिल्लू असताना कोटाच्या खिशातून वर नेलं आणि जी त्यानंतर खाली उतरली नाही. आणि पिवळा, एका कानाचा सोलोविनो, म्हणजे आपला आपण आलेला. अशा कुत्र्यांना हेच नाव पडतं. फक्त हा रस्त्यावरून आला नव्हता. गच्च्यांवरून उड्या मारत आला होता, कुठून ते कुणालाच कळलं नाही. दोघं दिवसभर कठड्यावर पुढचे पाय टेकून खालून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकत. यादिरा पाण्याच्या टाकीला पाठ टेकून त्यांच्या अंगावर पाय पसरून बसायची आणि खाली अंगणात दिसलेल्या फेर्मीनला हाक मारायची, “ए मेलेल्यांच्या न्हाव्या! वर ये. आज ज्वालामुखी दिसतोय.” तो क्वचित जाई. त्याला कुत्र्यांच्या केसांनी शिंका येत.

शनिवारी सकाळी त्याने दोघांना एकेक करून उचलून लोखंडी जिन्यावरून खाली आणलं. चाता एवढी थरथरत होती की तिच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. जुन्या पांढऱ्या त्सुरू गाडीच्या मागच्या सीटवर दोघं एकमेकांत घुसून बसली. स्वेटरची पिशवी त्याने शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. पिशवी उघडायची नाही. वास उडतो.

शहर संपायला सकाळ संपली. टोलचा रस्ता टाळून तो जुन्या रस्त्याला लागला, कारण टोलच्या रस्त्यावर थांबता येत नाही आणि कुत्री थांबायला लावतील असं त्याला वाटलं होतं. कुत्र्यांनी थांबायला लावलं नाही. प्रत्येक गावाच्या वेशीवर रस्त्यात उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावर दोन अंगं उडून परत आदळायची आणि त्यांच्या तोंडून भुंकणंही यायचं नाही, नुसती हवा. केरेतारोच्या पुढे सोलोविनोने सीटवर ओकारी केली. फेर्मीनने गाडी कडेला घेतली, दार उघडलं, “उतर, बाबा, जरा पाय मोकळे कर.” सोलोविनोने खाली बघितलं. गवत होतं, खडी होती, माती होती. त्याने एक पाय खाली टेकवला आणि पोळल्यासारखा वर घेतला. शेवटी एका पेट्रोल पंपाचं काँक्रीट दिसल्यावर दोघं उड्या मारून उतरली आणि पंपाच्या खांबाशी इतका वेळ उभी राहिली की पंपावरचा माणूस म्हणाला, “दादा, टाकी भरताय की रिकामी करताय?” फेर्मीन हसला. हसल्यावर त्याला वाटलं की आपल्या चेहऱ्यावरून कुणीतरी काहीतरी पुसलं आहे, खांद्यावरचा परका हात पुसावा तसं, आणि त्या जागी निळं भरलं आहे. सुटे पैसे काढायला त्याने खिशात हात घातला तर बोटांना हिरवा चिमटा लागला. त्याने तो परत ठेवला. समोरून झेंडूने भरलेले ट्रक जात होते, एकामागे एक, शहराकडे, जिथून तो पळत होता तिथे. गाडीच्या बंद काचांतूनही तो उग्र वास आत येत होता. त्याने पिशवीवर आपलं जाकीट टाकलं. झेंडूचा वास स्वेटरला लागला तर? पिशवी बंद आहे, गाठ घट्ट आहे, हे त्याने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. प्लास्टिकला आतून धुकं धरलं होतं. तिकडे तो बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता आणि यादिरा बसच्या खिडकीतून हाच रस्ता बघताना काय बघत असेल ते आठवत होता, जे त्याने बघितलंच नव्हतं. मैत्रिणीच्या लग्नाला निघाली होती ती. बस जेवायला थांबली. बाकीचे चढले, बस निघाली, तिची सीट रिकामी, वर तिची पिशवी. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीला त्याने दोन वर्षांत इतके शेवट लावून पाहिले होते की आता एकही शेवट त्याच्यापाशी उरला नव्हता. उरला होता तो फ्रीजच्या काचेतला तिचा अस्पष्ट आकार. तो आकार त्याने दुकानातल्या मशीनवर मोठा केला होता, पुन्हा मोठा केला होता, आणि प्रत्येक वेळी ती आणखी फुटत गेली होती, राखाडी चौकोनांत.

साकातेकासच्या पुढे लष्कराची चौकी होती. सैनिकाने वाकून आत बघितलं.

“कुठे?”

“तोर्रेओनकडे. बहिणीला आणायला.”

“आणि हे?”

“तिची कुत्री.”

“पिशवीत काय?”

“कपडे.”

“उघडा.”

“नका उघडायला लावू,” फेर्मीन म्हणाला, आणि आपला आवाज ऐकून त्यालाच लाज वाटली. “साहेब, पाया पडतो. तिचा वास आहे त्यात. दुसरं काही उरलेलं नाही.”

सैनिक त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने शिट्टी घातली. त्यांचं शिकवलेलं कुत्रं आलं, दारातून मान घालून पिशवीला नाक लावलं, एक मोठी शिंक दिली आणि टायर हुंगायला निघून गेलं. मागच्या सीटवरच्या दोघांनी श्वासही घेतला नाही.

“जा,” सैनिक म्हणाला. पुढे काहीतरी म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं, पण मागच्या ट्रकने भोंगा दिला.

रविवारी सकाळी तो त्या खानावळीपाशी पोचला. फ्रीज तिथेच होता. तांबूस कुत्रं नव्हतं, किंवा तशी सातआठ होती आणि त्यांतलं ते कुठलं हे सांगता येत नव्हतं. दोन्या मीकाने सांगितलेली वाट त्याने बाकावर बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला विचारली. म्हातारा आदराने उठून उभा राहिला. “इथून सरळ जायचं, साहेब. पांढरं देऊळ लागेल. मग डावीकडे. चुकायला जागाच नाही.” फेर्मीन सरळ गेला. पांढरं देऊळ नव्हतं. कुठलंच देऊळ नव्हतं. काटेरी झुडपं, वाळलेला नाला आणि मग रस्ताही नव्हता. तो परत आला तेव्हा तव्यापाशी भाकरीसारख्या जाड गोर्दिता फुगवत असलेली बाई पोट धरून हसली. “त्या आजोबांना विचारलंत? अहो, ते काल बसमधून उतरलेत. तुमच्यासारखेच परके.”

“मग माहीत नाही म्हणायचं ना!”

“असं कसं म्हणतील? तुम्ही इतक्या लांबून आलात. तोंडावर नाही म्हणायचं?” तिने कागदात दोन गोर्दिता बांधल्या आणि कुत्र्यांसाठी एक मोकळी टाकली. “मुकाट्याने मागच्या कच्च्या वाटेने जा. बायकांच्या टोप्या दिसतील.”

गाडीत बसून तो काही वेळ स्टिअरिंगला कपाळ लावून राहिला. दोन वर्षं त्याला असेच सभ्य लोक भेटले होते. बस कंपनीचा माणूस म्हणाला होता, उतरली म्हणजे कुणीतरी न्यायला आलं असणार. पोलीस म्हणाले होते, प्रियकर असेल, मुली येतात परत. दुसऱ्या कचेरीतला म्हणाला होता, फाइल वर गेलीय. प्रत्येकाने खुर्ची दिली, पाणी दिलं, वाट दाखवली. सरळ, मग डावीकडे. कुणी त्याला दारातून परत पाठवलं नाही, आणि प्रत्येक दारातून तो असा या काटेरी झुडपांत येऊन पोचला होता.

बायका दहाबारा होत्या, रुंद टोप्या, तोंडावर फडकी, हातांत लोखंडी सळया. सळईला वर आडवी मूठ. एक धरायची, दुसरी हातोड्याने ठोकायची, मग सळई उपसून तिचं टोक नाकापाशी न्यायचं. वास आला तर खणायचं. दोन्या मीका ठेंगणी, जाड चष्म्याची, मुलाला शोधायला निघालेली आणि आजवर दुसऱ्यांचीच मुलं सापडलेली. तिने फेर्मीनला मिठी मारली, मग गाडीत बघितलं.

“अरे बाळा, मला वाटलं लांडग्यांसारखी काहीतरी आणशील. ही तर देवळातून फुलं चोरून पकडल्यासारखी बसलीत.”

“गच्चीवरची आहेत. मातीवर पाय ठेवत नाहीत.”

“मग खाटेवरून नेऊया का त्यांना?” कुणीतरी म्हणालं.

“इथे आहे का ती?” फेर्मीनने विचारलं. ज्या प्रश्नासाठी तो इतक्या लांब आला होता तो असा, दारातच, त्याच्या तोंडून पडला.

“माहीत नाही,” दोन्या मीका म्हणाली.

दोन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने पिशवीचा पट्टा सोडवला, गाठ दातांनी सोडली, स्वेटर बाहेर काढला. कुबट ओलीचा आणि त्यावर लव्हेंडरचा वास पसरला, कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात त्या द्रवाचा. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांची नाकं फसत नव्हती. दोन्या मीकाने बाही हातात घेतली, बोटांत चोळली.

“हा धुतलाय रे बाळा.”

फेर्मीनने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

“असू दे,” ती म्हणाली. “आया धुतातच. हात थांबत नाहीत.”

पण चाताने मान वर केली होती. तिचं चपटं नाक फुरफुरलं, शेपूट सीटवर आपटायला लागली. सोलोविनो तिला तुडवून पुढे आला, स्वेटरमध्ये तोंड खुपसलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा आवाज केला, बारीक, रडल्यासारखा. “शोध,” फेर्मीन म्हणाला. “शोध तिला. चाता. शोध.” त्याने दार पूर्ण उघडलं, स्वेटर त्यांच्या नाकांपुढे धरून वाळवंटाकडे हात केला. चाता दारात आली. तिने झुडपांकडे बघितलं, मातीकडे बघितलं, मग वर बघितलं. वास कपडे वाळत घालायच्या दोरीचा होता, गच्चीवरच्या टाकीशेजारच्या, उन्हातल्या. तिने झेप घेतली ती गाडीच्या टपावर. पत्र्यावर नखं घसरली, पण ती चढली. तिच्यामागे सोलोविनो, बॉनेटवरून. टपाच्या कडेला दोघांनी पुढचे पाय रोवले आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येक बाईवर, टोप्यांवर, सळयांवर, दूरच्या एका गाढवावर, जीव तोडून भुंकायला सुरुवात केली. घरी आल्यासारखी. इथून कुणी जायचं नाही, हे घर आमचं आहे, तिने आम्हाला राखायला सांगितलंय.

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळ्याच, सळयांवर रेलून, फडक्यांनी डोळे पुसत. “अगं, आपण चोर आहोत त्यांच्या मते!” “ए काळे, तुझ्या मालकिणीला सांग, चोरांची टोळी आली म्हणून!” दोन्या मीका इतकी हसली की तिचा चष्मा मातीत पडला. फेर्मीनही हसत होता. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की तोंडातून येतोय तो आवाज बदललाय, आणि तो थांबवता येत नाहीये, आणि बाकीच्या सगळ्या गप्प झाल्यात.

कुणी त्याला समजावलं नाही. दोन्या मीकाने त्याच्या हातात सळई दिली. एका बाईने ठोकली. त्याने ती उपसली, टोक नाकापाशी आणलं, डोळे मिटले. माती. गार, जुनी, निर्दोष माती. पुढे दोन पावलं. पुन्हा माती. दुपारपर्यंत त्याने किती ठिकाणी हुंगलं ते त्याला आठवत नव्हतं, पण दर वेळी सळई वर येत असताना त्याच्या मनात एकाच वेळी दोन प्रार्थना असत, वास येऊ दे आणि वास येऊ देऊ नको. त्या एकमेकींना खात होत्या आणि मध्ये तो पोकळ होत होता. टपावरून कुत्री भुंकतच होती. हळूहळू त्यांचाही आवाज बसला.

जेवणाच्या वेळी एका दगडाआड बसून त्याने आईला फोन लावला.

“तू स्वेटर धुतलास.”

“मग? मळका घालून येईल ती?” आई म्हणाली. “वेदीशेजारच्या खुर्चीवर ठेवायला काढला होता. बुटांना पण पॉलिश केलंय. स्वेटर घेऊन ये तू, खुर्ची रिकामी आहे.”

तिकडून सणाच्या मोले रश्शाचा मसाला पाट्यावर वाटल्याचा आवाज येत होता. यादिराला मोले आवडत नसे. आई दर वर्षी तेच विसरायची.

“सापडली का?” आईने विचारलं. इतक्या हळू की वाटण थांबवूनही ते नीट ऐकू आलं नाही.

सरळ, मग डावीकडे, असं काहीतरी त्याच्या जिभेवर आलं होतं. जागा कळलीय, माणसं चांगली आहेत, आताच. “माहीत नाही, आई,” तो म्हणाला.

पलीकडे पाट्यावर पुन्हा वरवंटा फिरायला लागला.

“फोटो गोयोच्या खणात आहे,” फेर्मीन म्हणाला. “त्याला मॅट करायला सांग. चकचकीत नको. चकचकीतवर मेणबत्ती चमकते, चेहरा दिसत नाही.”

“मॅट,” आई म्हणाली, लक्षात ठेवायला म्हणावं तसं.

टपावर चाता त्याने वर टाकलेल्या स्वेटरवर हनुवटी टेकून झोपली होती. सोलोविनो अजून उभा होता. बायका उठल्या, सळया उचलल्या. फेर्मीनने आपली उचलली.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो कुत्र्यांना आणायला गच्चीवर गेला तेव्हा स्वेटर दोरीवर वाळत होता. दोन्ही चिमटे त्यानेच काढले आणि स्वेटर पिशवीत भरून गाठ मारली, तेव्हा बाह्या अजून ओल्या होत्या.